गंगापूरच्या बोअरचं पाणी

सर, गंगापूरच्या त्या खोल बोअरवर तुम्ही बाटली पुण्याहून आलेल्या नव्या पोराच्या हातात दिलीत आणि मला म्हणालात, "तू पाईप धर," तिथंच माझं सगळं बिनसलं. आपल्या वर्गातली ती, जिच्यावर माझा जीव होता, त्याच्या शेजारी उकिडवी बसून हसत होती. पाईप धरणाऱ्याकडं कोण बघतं?

तुमची रीत अजून पाठ आहे. मोटार बराच वेळ चालू द्यायची, बोअरमध्ये साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग बाटली बादलीत बुडवून भरायची आणि पाण्यातच झाकण लावायचं. एवढासा बुडबुडा राहिला तरी आजची हवा जुन्या पाण्यात मिसळते, वय चुकतं. खाली काळ्या दगडात मुरलेला पाऊस हजारो वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हाचे पावसाळे वेगळे होते, हे तुम्ही पाण्यातल्या कार्बन-ऑक्सिजनवरून सांगायचात. मी तिच्याकडं बघत बसायचो. त्याच महिन्यात कॉलेज सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायलाही तोच पुढं.

आता पडेगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. आज ती दुकानात आली. म्हणाली, त्याच बोअरचं पाणी पुन्हा तपासलं तर वय अगदी कोवळं निघालं. आता विभागातले लोक तुमचाच निष्कर्ष चूक ठरवतायत. नवा नमुना घ्यायचाय, आणि तिथली मोटार बंद पडलीय.

"बुडबुडा ठेवला असंल तुझ्या त्या पुण्याच्या साहेबानं," मी म्हणालो. लई बरं वाटलं.

"बाटली मी भरली होती. घाई केली," ती म्हणाली. "विभागात त्यानं स्वतःवर घेतलं."

जळलो, सर. तो चुकला असता तर परवडलं असतं. मी असतो तर? चारचौघांत तिच्यावरच ओरडलो असतो.

"तो पण येतोय?"

"गाडी त्याचीच हाय. येतो का नाय, रागोबा? का बसतो फुगून?"

ती बाहेर थांबलीय. हत्यारं गोळा करायच्या नावाखाली मी हे बिलाच्या पाठीमागं लिहितोय. पान्यांच्या खणातच राहील ते. तुमच्या जुन्या पावसासाठी चाललोय, असं लिहिणार होतो. तसं काही नाही. ती बाटली भरताना शेजारी मी असावं, एवढंच. पाईप आज त्यानं धरावा.

हॉर्न वाजवतोय तो. वाजवू दे. पिशवी खांद्याला अडकवतो, बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.