गाडीखाली थुंकू नये

१० एप्रिल
सिद्धेश्वरीचं लग्न चार मेला. आज घरात जाहीर केलं: मुलगी कार्यालयात जाईल ती माझ्याच गाडीतून. मेव्हणा महेश्वर स्वतःची नवी एसयूव्ही द्यायला निघाला होता. तसल्या गाड्या हप्त्यावर कुणालाही मिळतात. माझी १९६९ची, परदेशी, ऑटोमॅटिक. क्लच नाही. अख्ख्या सोलापुरात ती गाडी समजणारा माणूस एकच, आणि तो कुठल्याही कॉलेजात गेलेला नाही.
फक्त एक बारीक आवाज येतोय. ऊंऽऽ असा. लग्नापर्यंत भरपूर वेळ आहे.

१२ एप्रिल
आवाज शोधायची पद्धत असते. लाटण्याचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं कानाला. बायको, गिरिजा, लाटणं मागायला आली. भाकरी हातानं थापतात, हे तिला समजावलं. म्हणाली, आज पोळ्या हायत.
निरीक्षण: उभ्या गाडीत आवाज. डी गिअर टाकल्यावर गाडी आधी विचार करते, मग हिसका देऊन निघते. निदान: मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा. मेकॅनिक लोक त्याला क्रॉस म्हणतात. म्हणू देत.
गाडीखाली शिरलो तर फरशीवर लाल पिचकारी. शेजारच्या सोमलिंगचं काम. धंदा टॉवेलचा, गालात कायम पान. शर्ट खराब झाला.

१५ एप्रिल
महेश्वर आला. म्हणाला, दाजी, गिअरबॉक्सचं ऑइल तरी बघा की. ज्याला काही कळत नाही तो ऑइल बघा म्हणतो. ताप आला की पाणी पी म्हणणाऱ्यातली जात. ते तेल मी स्वतः दिवाळीत भरलंय. परदेशी, डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. बंद पेटी आहे ती. तेल जाणार कुठं?

१८ एप्रिल
क्रॉस बदलला. आवाज तसाच. पण क्रॉस जुना होता, म्हणजे निदान चुकलं असं म्हणता येत नाही.
पिचकारी रोज असते, आता ताटाएवढी. पाटी रंगवली: गाडीखाली थुंकू नये. अक्षरं सरळ यावीत म्हणून आधी दोरीनं रेघा मारल्या.

२१ एप्रिल
सोमलिंगला गल्लीत चारचौघांसमोर विचारलं. म्हणाला, अण्णा, तोंड उघडना म्हणून डॉक्टरनं संक्रांतीपासून पान बंद केलंय, हे बघा की. आणि खरंच तोंड उघडून दाखवायला लागला. जेमतेम एक बोट जाईल एवढं उघडलं. मी दाताचा डॉक्टर नाही, असं सांगून आलो. एवढ्या फटीतूनसुद्धा थुंकता येतं.

२४ एप्रिल
नवीन लक्षण. चढावर इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. आमच्या साहेबांसारखं. नवीन निदान: मागचा एक्सल. त्यात ग्रीस भरलं. बरंचसं माझ्याच अंगावर आलं.

२७ एप्रिल
सोमलिंग वैरागला पाहुण्यांकडे गेलाय. तरी सकाळी डाग. म्हणजे जाताना माणूस नेमून गेलाय. द्वेषात सुद्धा एवढं नियोजन.
चाकाजवळच्या भिंतीला देवाच्या टाइल्स लावल्या. गिरिजा म्हणाली, देवाला कुटं बसवताय, टायरखाली? तिला यामागचं शास्त्र कळत नाही.

२८ एप्रिल
देवाच्या पायाशी थुंकला.

३ मे
ऊंऽऽ गेला, घर्रर्र आला. रोग बदलला म्हणजे औषध लागू पडलं.
गिरिजा म्हणाली, पोरीच्या लग्नाचा खेळ करू नका, महेशला सकाळी गाडी घेऊन दारात उभं राहू द्या. अविश्वासाला घरात थारा द्यायचा नाही. महेश्वरला पहाटेच टेंभुर्णीला पाठवतोय, निंगव्वा आत्यांना आणायला. तेवढं काम त्या गाडीला झेपेल.

४ मे
निघालो वेळेत. मागं सिद्धेश्वरी आणि गिरिजा. पुलाच्या चढावर गाडी थांबली. इंजिन चालू, गाडी बंद. डी, दोन, एल, सगळं टाकून बघितलं. नुसती घरघर.
पाचसहा जण ढकलायला धावले. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नसते, हे त्यांना सविस्तर सांगितलं. एकानं विचारलं, मग काय करायचं? गिरिजा म्हणाली, त्यांनाच माहीत असतं तर.
महेश्वर अजून मोहोळच्या अलीकडे आला नव्हता. सिद्धेश्वरी शालू सावरत खाली उतरली. म्हणाली, अप्पा, अक्षता पडायच्यात. मग मागं बघत राहिली. मीही बघितलं. आमच्या घराच्या दिशेनं रस्त्यावर लाल थेंबांची रेघ आली होती, थेट आमच्या गाडीखाली. म्हणाली, सोमलिंगकाका हितपर्यंत थुंकत आलेत का, अप्पा?
तेवढ्यात सोमलिंगचाच टेम्पो आला. आहेराचे टॉवेल कार्यालयात पोचवायला निघाला होता. तो खाली उतरला. पुढची सीट पंच्यानं पुसली, नवरीला बसवलं, शेजारी गिरिजाला. मी मागं, टॉवेलच्या गठ्ठ्यावर. अक्षतांना पोचलो. नवरदेवाकडचे सगळे दारातच उभे होते. उतरायला मला हात सोमलिंगनंच दिला.

५ मे
पुलावर जाऊन गाडीखाली परात ठेवली. थोड्या वेळानं बघितली तर कोरडी. पेटीतून पडायला काही उरलेलंच नाही.
सोमलिंग दोर घेऊन आला. ऑटोमॅटिक गाडी अशी चाकांवर ओढली तर गिअरबॉक्स बिघडतो, असं त्याला सांगितलं. म्हणाला, आता काय बिघडायचं राहिलंय, अण्णा?
तो पुढं टेम्पोत, मी मागं स्टिअरिंगवर. घरापर्यंत आवाज कसलाच आला नाही.
पाटी मी काढायच्या आधीच गिरिजानं काढली होती. मागची बाजू कोरी आहे म्हणून पापड वाळत घातलेत तिच्यावर.