गोल शेपूट

शनिवार, १७ जानेवारी, अबू धाबी

हात दोनदा धुतले तरी वास जात नाही. मी सांभाळतो त्या मत्स्यफार्मच्या तळ्यातला मोठा जिताडा आज घरी आणला. पोट चिरलं तर आत वीतभर मासा, डोकं विरघळलेलं, शेपूट शाबूत. आपले जिताडे बोय मासे खाऊन वाढतात, असं मीच अरबाबला, म्हणजे मालकाला, सांगितलं होतं. पण बोयीच्या शेपटाला खाच असते. हे गोल होतं. जिताड्याचंच पिल्लू.

म्हणजे तळ्यातून गायब झालेली पिल्लं चोरीला गेलीच नव्हती?

राखणदार कासीमचाचा ती विकतात, असा रिपोर्ट मीच दिला. अरबाब म्हणाला, खलास. आठवड्यात चाचा रायगडला परत. जाताना एवढंच म्हणाले, "साहेब, जिताडाच जिताड्याला खातो." मला वाटलं, मराठी माणसानेच पोटावर पाय दिला म्हणून टोमणा मारतायत. मी तोंड फिरवलं.

ते माशांबद्दल सांगत होते. पेणच्या तळ्यांवर वाढलेला माणूस, आणि मी पुण्याचा, व्हिडिओ बघून शिकलेला.

ते गोल शेपूट अजून ओट्यावर आहे. मघाशी लेकीने विचारलं, "बाबा, व्हॉट डिड इट ईट?"

माझ्या तोंडून पुन्हा 'बोय'च निघालं.