कॅन्सल केलेलं ‘अहो’

१२ ऑगस्ट १९५६, बोरीवली
आजपासून मन शांत. चाळीच्या गणपतीतल्या नाटकातून नाव काढून घेतलं. नवऱ्याचं काम वरच्या मजल्यावरच्या मधुकरला, मला त्याच्या बायकोचं होतं. त्याला म्हणायचं, ‘अहो, चहा निवला.’ सगळ्या चाळीसमोर! लग्नाआधी परक्या माणसाला अहो? डायरेक्टर विद्याधरदादांना स्पष्ट सांगितलं, माझं काम कॅन्सल. ते ‘बरं’ म्हणाले. उद्या विनवायला येतील.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला भेटले. पेढा दिला. विनवलं नाही. माणूस भिडस्त आहे.

१९ ऑगस्ट
तत्त्व कायम. पण रिहर्सलचा आवाज थेट आमच्या खिडकीत येतो. माझ्यामुळे नाटक पडलं तर तोही दोषच. म्हणजे कॅन्सल उलटं करायला हवं. शेजारची कुंदा म्हणाली, "वर दादांकडे जा नि म्हण, करते. संपलं!" पण ते मागितल्यासारखं होतं. ‘नकार मागे घेते’ म्हणजे हरल्यासारखं. सातव्या वर्षापर्यंत नानांनी मला घरीच शिकवलं; वडील कमी, मास्तर जास्त. योग्य शब्द सापडेपर्यंत तोंड उघडू नये, ही त्यांची शिकवण.

२३ ऑगस्ट
नानांच्या डिक्शनरीत कॅन्सल आहे, त्याचं उलटं नाही. ‘अनकॅन्सल’ मीच बनवला. नाना चष्म्यावरून बघत राहिले. वगळला.

३० ऑगस्ट
सापडला! अनंतमामा छापखान्यात प्रुफं तपासतात. खोडलेला शब्द परत हवा असला की खाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं ‘स्टेट’, लॅटिन शब्द. म्हणजे, राहू दे. किती सोज्ज्वळ! मागणं नाही, माघार नाही. उद्याच सांगते. घसा जरा बसलाय. रविवारी सांगते.

२ सप्टेंबर
सांगितलं, टिंबांसकट. दादा म्हणाले, "माणिक, टिंबं देऊ कशाखाली? बायकोच काढून टाकली. मधुकर आता विधुर. चहा धोंडू आणतो, गडी म्हणून. ‘साहेब, चहा निवला.’ झकास जमतंय!" मग म्हणाले, "तुला सगळं पाठ आहे ना? प्रॉम्प्टर हो." झाले. एका अर्थी स्टेटच.

१५ सप्टेंबर, सकाळ
काल नाटक झालं. माझं काम चोख. धोंडू चहा घेऊन आला आणि वाक्य विसरला. मी विंगेतून लगेच सांगितलं. उच्चार स्वच्छ. फक्त वाक्य जुनं गेलं. "अहो, चहा निवला!" शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं म्हणे. मधुकर विंगेकडे वळून म्हणाला, "आलो गं!" हशा. वन्समोअर. नाना उठून घरी गेले.

आज नळावर प्रत्येक बाई माझ्याकडे चहाची चौकशी करते आहे. आईनं सकाळचा चहाच टाकला नाही.

जिन्यात मधुकर भेटला. मी खाली बघूनच म्हटलं, "कालचं कॅन्सल समजा."

"राहू दे की," तो म्हणाला आणि वर गेला.

याचा नेमका अर्थ काय, हे नानांना विचारता येणार नाही.