तळघर नंबर तीन

हडर्सफील्ड,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय कीथ,

चौदा वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी रीतीचं उरकतो. मी बरा आहे. पाठ धरते, खरे दात चार उरलेत, कान अजून चालतात. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तू व्हिटबीच्या धक्क्यापर्यंत काठीशिवाय जातोस, हे अ‍ॅलिसनकडून कळलं. तिकडच्या वाऱ्यात टोपी टिकत असेल तर तुझं नशीब.

तुझी मुलगी मंगळवारी आली होती. दारात छत्री झटकत उभी राहिली आणि क्षणभर मला मोरीनच वाटली. छत्री अशी रागावून झटकणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. हातात टेपचा चपटा डबा. वर तुझं ते गवंडी अक्षर: ‘मोरीन. तिच्या आजीचं गाणं. १९७८. कोरं.’

मी विचारलं, “बाबांना माहीत आहे?”

“त्यांनीच माळ्यावरून काढून दिला. म्हणाले, ट्रेव्हरकडे ने. त्याला कान आहेत. तेवढंच आहे त्याच्याकडे.”

मी हसलो. ती हसली नाही.

तिचं म्हणणं तुला ठाऊक असेलच. मोरीनच्या जुन्या गायकवृंदातल्या ज्या बायका उरल्यात त्यांना हे गाणं हवंय, नातवंडांना आजीचा आवाज ऐकायला हवाय. दोनशे तबकड्या निघणार. अठ्ठावीस तारखेला मला मिक्स पाठवायचं आहे. गाणं साडेतीन मिनिटांचं, बाई एकटी, वाद्य नाही. एका दुपारचं काम. दहा दिवस झाले तरी झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

छे, दहा दिवस कसे होतील? मंगळवारीच आली ना ती. पण मला तसं वाटतंय.

टेप अजून धड आहे. तुला आठवतं, आपण तिच्याभोवती घोंगड्या टांगल्या होत्या? आवाज कोरा घ्यायचा, खोलीचा एक कणही त्यात शिरू द्यायचा नाही, खोली मागाहून आपल्या स्टुडिओखालच्या तळघराची द्यायची, तिथे आवाज सोडून घुमारा परत टिपायचा, असं ठरलं होतं. मग त्याच आठवड्यात तळघरात पाणी भरलं, मग अ‍ॅलिसन झाली, मग राहूनच गेलं. सत्तेचाळीस वर्षं ती बाई घोंगड्यांत उभी राहून गातेय. श्वास घेते तोही कानाशी ऐकू येतो. तिसऱ्या कडव्याआधी ती किंचित हसते, ‘कीथ, हलू नकोस’ म्हणाल्यासारखी. तू बहुतेक वेडेवाकडे चेहरे करत असणार.

तर तिला खोली हवी. आणि हल्ली खोल्या कशा मिळतात ते ऐकून तुला हसू येईल. कॉम्प्युटरमध्ये प्लगइन म्हणून मिळतात. कुणीतरी जगातल्या एखाद्या नामांकित तळघरात जाऊन तिथला घुमारा टिपून आणतो आणि तो आपण बोटाने आवाजाला लावतो. मी नऊ लावून पाहिले. कॅलिफोर्नियातल्या एका तळघरातून मोरीन बाहेर आली ती नवे दात बसवून आल्यासारखी. लंडनचं एक फार खानदानी. त्यात ती आपल्या गल्लीतली राहिलीच नाही. एक स्वीडनचं आहे, ते निव्वळ गणिताचं, तशी खोली पृथ्वीवर कुठे नाहीच. त्याला भिंतीचं बटण आहे! एका टोकाला वीट, दुसऱ्या टोकाला फरशी, मध्ये गिलावा. तू थापी घेऊन तीन आठवडे घातलेस ते मी अंगठ्याने फिरवलं. मोरीन म्युनिसिपालिटीच्या पोहण्याच्या तलावातून गात होती.

आपली जुनी रीत मी सोडलेली नाही. खोलीकडे आवाज पाठवताना खालचा घोगरेपणा आणि वरची शिट्टी छाटून पाठवायची, म्हणजे तिचे ‘स’ भिंतींवर फुटत नाहीत. शब्द आधी, खोली पापणी लवण्याइतकी मागून. मग खोली वाढवत न्यायची, ती ऐकू येऊ लागली की थोडी मागे घ्यायची. असताना कळू नये, काढली तर चुकल्यासारखं व्हावं.

शेवटी मी आपल्याच तळघराशी आलो. म्हणजे त्याच्या प्लगइनशी. त्यावर एकट्या माझं आडनाव आहे, ‘सग्डन यांचं तळघर’, आणि तो आपल्यातला काटा आहे, हे मी जाणतो. भिंती एकमेकींच्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून तिरक्या तू केल्यास, व्हार्निशचे सहा हात तू दिलेस, ते गटाराचे चकचकीत पाइप खांबांसारखे तू उभे केलेस. मी फक्त खाली जाऊन टाळ्या वाजवायचो आणि सांगायचो, “अजून नाही.” तुझं नाव त्यावर असायला हवं होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आता म्हणतो.

त्या प्लगइनमध्ये पाच नोंदी आहेत, तळघर एक ते पाच. एक, दोन, चार आणि पाच सारख्याच, चोख, जरा कडक. तीन नंबर वेगळी आहे. डावीकडे थोडी मऊ. का ते सांगता येत नाही, खोल्यांचं असं असतं. मोरीन त्यात नीट उभी राहते. एरवी मी ती वापरत नाही, पण इथे तीच लावावी म्हणतो.

तुझी हरकत नसेल तर दोन ओळी टाक. ती नोंद लावलीच तर तुझ्या माहितीशिवाय नको, एवढंच.

गुडघा जप.

तुझा जुना भागीदार,
ट्रेव्हर


हडर्सफील्ड,
रविवार, १६ फेब्रुवारी

कीथ,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पुढे शेवंड धरायच्या टोपल्यांचं चित्र, मागे दोन वाक्यं. ‘तुझं पत्र कोरं आहे. डावीकडे कोण उभं होतं ते लिही.’

दोन दिवस ते कार्ड मिक्सिंगच्या बोर्डाला टेकवून ठेवलं होतं. आता लिहितो.

डावीकडे तू उभा होतास.

ऑक्टोबर २०१०. इमारत विकून झाली होती, सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. ती प्लगइनवाली दोन पोरं शुक्रवारी दुपारी यंत्रं घेऊन आली. तुला मी बोलावलं नव्हतं. का, ते वेगळं सांगत नाही, नावावरून कळतंच. पोरं वर कॉम्प्युटरशी होती. मी खाली माइक सरकवून बाहेर पडत होतो, तिसऱ्यांदा सूर सुरू होणारच होता. तो सूर म्हणजे काय, खालच्या गुरगुरण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत वीस सेकंद चढत जाणारा एकच आवाज. खोली त्याला काय उत्तर देते ते यंत्र टिपतं. आणि तू अंगणाकडच्या कोळशाच्या दारातून आत आलास. नेहमी यायचास तसाच. बापाचा तो जाडा लोकरी कोट अंगावर, बटणं चुकीची लावलेली.

तू म्हणालास, “ट्रेव्ह, मोरीनचं...”

आणि मी तळहात वर केला.

आपल्या धंद्यात तळहात वर झाला की माणूस थिजतो. तेहतीस वर्षं आपण तसेच वागलो होतो. टेप चालू आहे, हलू नको, घुमाऱ्याची शेपटी पूर्ण विरेपर्यंत श्वाससुद्धा जपून. तू थिजलास. डाव्या माइकपासून दीड हातावर. सूर सुरू झाला, चढत गेला, संपला, खोली चार सेकंद बोलत राहिली. त्या सगळ्या वेळात तू माझ्याकडे बघत होतास आणि मी माइककडे.

मग वरून पोरगं ओरडलं, “हे फर्स्ट क्लास आलं!” आणि मी तुला म्हणालो, “आत्ता नको, कीथ. अजून दोन घ्यायच्यात. संध्याकाळी फोन करतो.”

तू मान हलवलीस आणि कोळशाच्या दारातून गेलास. दार ओढून घेतलंस, आवाज न करता. सवयीने.

मी फोन केला नाही.

लोकांना वाटतं आपलं नावावरून बिनसलं. मीही तेच सांगत आलो, दहा दिवसांपूर्वी तुलाही तेच लिहिलं. नावाची चूक कबूल करायला सोपी असते. आणि मी स्वतःला सांगायचो की मला काय ठाऊक, मोरीनचं काहीही असू शकलं असतं. मोरीनचं पाकीट हरवलं, मोरीनचं आईशी भांडण झालं.

कीथ, मला ठाऊक होतं. मोरीन आता फार दिवसांची नाही, हे दोन शब्दांत ठाऊक झालं. तुझा आवाज मी तोवर हजार वेळा टेपवर ऐकला होता. दुसऱ्या शब्दाशी तो तळातून सुटला. गिलाव्याच्या आत पोकळी असली की टकटक केल्यावर वेगळं ऐकू येतं, तसं. लोकांना ऐकू येत नाही ते ऐकूनच मी पोट भरलं आणि ते मी नीट, स्वच्छ ऐकलं. ऐकलं आणि हात वर केला. तू पुढचं बोलला असतास तर पोरांना परत पाठवावं लागलं असतं आणि सोमवारी तळघर हातचं गेलं असतं. मी तुझ्या बायकोच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये हात धरला.

पुढच्या फेब्रुवारीत ‘एक्झामिनर’ पेपरात तिच्या जाण्याची बातमी वाचली. तिच्या अंत्यविधीला चॅपेलमध्ये मी शेवटच्या बाकावर होतो. बाहेर पडताना दारात तुझ्यासमोर येऊन तोंड उघडलं, तेव्हा तू तळहात वर केलास. अगदी तसाच. अ‍ॅलिसन बाजूलाच होती. तिला वाटलं बाबा निरोपाला हात करतायत. मला आणि तुला माहीत होतं. मी थिजलो. आणि खरं सांगू, नंतरची चौदा वर्षं मला ते सोयीचंही पडलं. टेप चालू आहे म्हणून गप्प बसायचं, ही सबब मला तूच दिलीस असं म्हणत राहिलो.

त्या पोरांना मी सांगितलंच नाही की तिसऱ्या नोंदीच्या वेळी खोली रिकामी नव्हती. नियमाने ती फेकून द्यायची. तुझ्या लोकरी कोटाने डावीकडचा आवाज पिऊन टाकला होता, त्यांना ती उबदार वाटली, त्यांनी ठेवली. आता जगभर लोक गिटारी आणि नगारे तुझ्या कोटावर आपटतात आणि ‘तीन नंबरमध्ये काहीतरी आहे’ म्हणतात. मी स्वतः ती कधी लावली नाही. एकदा लावली होती, चार सेकंदांनी बंद केली.

तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मोरीनला लावली. काही न बघता, एकामागून एक, डोळे मिटून. एक, दोन, चार, पाच. आवाज छान, पण ती रिकाम्या खोलीत गात होती. मग तीन लावली. तिचा आवाज उजवीकडच्या भिंतीवर जातो, परततो आणि डावीकडे एका जागी थांबतो, पुढे जात नाही. तिथे कुणीतरी ऐकतंय. तिसऱ्या कडव्याआधी ती हसते ना, ते हसू बरोब्बर तिथे जाऊन पोचतं. मीही आहे त्यात, दाराशी, बाह्या दुमडून. पण शर्टाच्या माणसाने खोलीला फारसा फरक पडत नाही.

खोली काढून पाहिली. मग परत लावली. मग उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता निर्णय तुझा. दोन मिक्स करून ठेवलीत. एकात तीन नंबर आहे. दुसऱ्यात खोलीच नाही, ती एकटी, घोंगड्यांतली. तिला एकटीला उभं राहता येतं, तेवढा आवाज तिच्यात आहे. माझ्या हातून आलेली खोली तिच्या अंगाला लागू नये असं तुला वाटत असेल, तर कोरं पाठवीन आणि एक शब्द बोलणार नाही. अठ्ठावीसपर्यंत वाट बघतो. तुझं काही आलं नाही तर कोरंच जाईल.

वेष्टनावर काय छापायचं ते मात्र अ‍ॅलिसनला सांगून टाकलंय. गायिका मोरीन बेअरस्टो. खोली कीथ बेअरस्टो. माझं नाव नको म्हटलं. ती म्हणाली, “ट्रेव्हरकाका, खोली अमक्याची असं कुणी छापतं का?” मी म्हटलं, तू छाप. प्लगइनवाल्यांनाही लिहिलंय, तीन नंबरच्या वेळी तिथे कोण उभं होतं ते. बघू.

एवढंच मागतो. त्या दिवशी तू एक वाक्य सुरू केलं होतंस. ‘ट्रेव्ह, मोरीनचं...’ ते तिथेच राहिलंय. पुढचं काय ते आता सगळ्या गावाला माहीत आहे, पण तू मला सांगितलेलं नाहीस. व्हिटबीला सव्वाबाराची बस पोचते. येऊ का? तू बोल, मी ऐकतो. कितीही वेळ लागो. शेपटी पूर्ण विरेपर्यंत.

माझा हात खाली आहे.

ट्रेव्ह