टपावरची पेटी

४ एप्रिल, शनिवार

डिकीत व्हीलचेअर घातली की बॅगेला जागाच नाही. तीन वेळा करून पाहिलं. आडवी, उभी, चाकं काढून. चाकं काढली तर चाकंच मागच्या सीटवर! चिमणी म्हणाली, "आई, बॅगा गाडीतून पाठवू, आपण चालत जाऊ." सोळा वर्षांची घोडी झाली तरी हिची थट्टा सुटत नाही.

पण जायचं तर आहेच. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला. वय एक्क्याऐंशी. काल फोनवर म्हणाल्या, "त्याआधी एकदा तोंड दाखवून जा गं. पुढचं देवाच्या हातात." सहा वर्षं दोघींची भेट नाही. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खुर्चीवर, आणि रस्ता नऊ तासांचा. फोन ठेवल्यावर सासूबाई जेवायला बसल्या. ताटात अर्धं टाकलं. अन्न टाकणाऱ्यातल्या नाहीत त्या!

धाकट्या भाऊजींनी फोनवर तोडगा काढला – "खुर्ची हवीच कशाला? आईला उचलून न्या की!" फोन स्पीकरवर होता. सासूबाई कडाडल्या, "मी काय पोतं आहे का रे?"

हे म्हणाले, टपावर कॅरियर लावू, वर पेटी बसवू. मी म्हटलं, बसवू. पण निवडणार मी, पैसे माझ्या साठवणीतले आहेत. हसले. "तुला गाडीतलं काय कळतं?"

बघू.

५ एप्रिल, रविवार

दुकानात गेलो. आमच्या गाडीचा टप सपाट, वर कडेच्या दांड्या नाहीत. म्हणून दाराच्या चौकटीला पकडणारं कॅरियर लागतं. दुकानदार पहिल्यांदा भलतंच दाखवत होता, मी बोट दाखवून विचारलं, "हे पकडणार कशाला?" तेव्हा म्हणाला, "अरे हो, वहिनी." आणि आत गेला दुसरं आणायला.

पेट्या दोन. एक लांब, निमुळती, काळी, चकाकणारी. ह्यांचा जीव तिथेच अडकला! हात फिरवत होते तिच्यावरून. दुसरी आखूड, रुंद, राखाडी. दिसायला अगदी धान्याची कोठी. भाड्याने मिळेल का, विचारलं. मिळत नाही.

"किती वजन चालतं?"

"लिहिलंय ना पेटीवर. पंच्याहत्तर किलो. बिनधास्त भरा!"

बिनधास्त म्हटलं की मला शंका येते. विचार करून सांगतो म्हटलं आणि निघालो. ह्यांचं तोंड घरापर्यंत फुगलेलं.

७ एप्रिल, मंगळवार

गाडीचं माहितीपुस्तक काढलं. चार वर्षं डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नाही! दिवाबत्ती झाली आणि चष्मा लावून बसले. बारीक अक्षरं. शेवटाकडे सापडलं – टपावर साठ किलो. सगळं धरून साठ! म्हणजे कॅरियर सहा, लांब पेटी सतरा. सामानाला उरले सदतीस.

पंच्याहत्तर पेटीला पेलतात, टपाला नाही. दुकानदाराचं ऐकून भरलं असतं तर आम्ही पाचपन्नास किलोमीटरवर नाही, पहिल्या वळणावरच देवाचं नाव घेतलं असतं.

ह्यांना पान दाखवलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तारीख लिहून ठेवते आहे!

८ एप्रिल, बुधवार

ह्यांनी ऑफिसात पान सगळ्यांना दाखवलं म्हणे. "आमच्या हिनं शोधलं" असं सांगितलं. मला नाही सांगितलं, चिमणीला सांगितलं. पोहोचलं.

१० एप्रिल, शुक्रवार

शेजारी नवा फ्रिज आला, त्याचं खोकं मागून घेतलं. लांब पेटीच्या मापाचं कापलं, चिकटपट्टी लावली आणि टपावर दोरीने बांधलं. इमारतीतली अर्धी माणसं गॅलरीत. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "काय, घर बदलताय का?"

मला एकच बघायचं होतं. डिकीचं झाकण वर उघडतं, ते पेटीला अडलं तर खुर्ची बाहेर कशी काढणार? उघडून पाहिलं. अडत नाही! खुर्ची घातली, काढली. पुन्हा घातली, काढली. मस्त. आता लांब पेटी घ्यायला माझी हरकत नाही म्हटलं. हे इतके खूश की संध्याकाळी न सांगता भांडी घासली.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "जमतंय का गं?" म्हणाल्या. तिसऱ्यांदा. पाणी पितानाही त्यांचं लक्ष खाली गाडीकडे.

"जमतंय," मी म्हटलं. "तुम्ही तुमच्या साड्या काढून ठेवा."

१२ एप्रिल, रविवार

माझी चूक झाली. आधी तेच लिहिते.

दुकानाच्या अंगणात फिटिंगवाल्याने कॅरियर घट्ट केलं, वर लांब पेटी चढवली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. मग त्याने डिकीचं झाकण उघडलं – पूर्ण, सर्रकन वर – आणि टक्! पेटीवर आपटलं. दोन बोटांएवढाच ओरखडा, पण पडला.

"घरी उघडत होतं हो!" मी म्हटलं.

फिटिंगवाला म्हणाला, "ताई, घरी गाडी कुठे लावता?"

आणि डोक्यात उजेड पडला. आमच्या पार्किंगमध्ये डोक्यावरून पाण्याचा पाइप जातो. झाकण त्याला लागतं म्हणून चार वर्षं आम्ही कोणीच डिकी पूर्ण उघडलेली नाही! छातीपर्यंत उचलायची, हाताने धरायची, वाकायचं आणि सामान कडेने ओढायचं. अशीच उघडतात डिकी, असंच वाटायला लागलं होतं. खोकं बांधून मी चाचणी केली तीसुद्धा पाइपाखालीच, अर्ध्या झाकणावर.

"पेटी पुढे सरकवता येईल?"

"चार बोटं सरकेल. तुम्हाला हवं वीतभर."

ह्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, तरी सांगत होतो. म्हणाले, "एक हात झाकणाला लावून धरू की. सवय आहे आपल्याला."

एका हाताने झाकण, एका हाताने खुर्ची, आणि सासूबाई कडेला उन्हात बसून? मी नाही म्हटलं. "चूक माझी. ही उतरवा. ती कोठी चढवा."

राखाडी पेटी चढली. झाकण पूर्ण उघडलं, आणि पेटीला शिवलंसुद्धा नाही. वजनही तीन किलोने कमी, म्हणजे सामानाला चाळीस! शिवाय स्वस्त. ओरखड्याचे पैसे देऊ केले, दुकानदाराने घेतले नाहीत. मी मात्र पैसे देण्याआधी बादलीभर पाणी मागितलं.

"पाणी? प्यायला?"

"ओतायला."

आत कोरडं वर्तमानपत्र ठेवलं, कुलूप लावलं आणि बादली वरून पालथी केली. मग दुसरी. उघडलं तर वर्तमानपत्र कोरडं खडखडीत. फिटिंगवाला म्हणाला, "ताई, उद्यापासून कामाला या." दुकानदार म्हणाला, "नको रे, ही बाई एक पेटी विकू देणार नाही."

घरी येताना हे दर सिग्नलला मान वर करून बघत होते, जणू टप काचेचाच आहे. "तशी बरी दिसते," म्हणाले. देवा, तूच साक्षी.

१३ एप्रिल, सोमवार

भाऊजींचा फोन. "वहिनी, ऐकलं मी! आता गॅरेजच काढा." मी म्हटलं, काढते, पहिली गाडी तुमची घेते. त्यांच्या मोठ्या गाडीचं माहितीपुस्तक कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर वजन. आधी मी एकटी काट्यावर, मग बॅग घेऊन मी, मग वजाबाकी. आकडा वाचायला हे. पहिला आकडा मोठ्याने वाचला, मी डोळे वटारले. तो इथे लिहीत नाही.

हलकं सामान पेटीत, जड सामान खाली पायाशी. पुस्तकात तसंच लिहिलंय. चिमणीची बॅग अकरा किलो – चार दिवसांना! तीन जोड बूट निघाले. दोन कपाटात परत गेले. रुसली. सासूबाईंची बॅग सगळ्यात लहान, पाच किलो. "आणखी काही घ्या," म्हटलं. "पुरे," म्हणाल्या. "मला काय, माझी बहीण दिसली की झालं."

पेटीत एकूण अडतीस किलो. दोन किलो देवाच्या नावाने मोकळे.

१८ एप्रिल, शनिवार

पोहोचलो! नऊ तास, पेटी तसूभर हलली नाही. दर थांब्याला उतरून मी पेटीचे पट्टे ओढून बघत होते. हे म्हणाले, "बस कर, तुटतील."

दाराशी डिकी उघडली – पूर्ण! – खुर्ची काढली, सासूबाईंना बसवलं. थोरल्या मावशी पायरीवर उभ्या होत्या, काठी धरून, मुलीच्या आधाराने. कोणी रडलं नाही. मावशींनी सासूबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "किती गं म्हातारी झालीस!"

"तू काय तरणीताठी राहिलीस होय?"

मग सासूबाईंनी माझा हात ओढून मला पुढे केलं. "हिनं आणलं मला. ती वरची पेटी बघितलीस? सगळं हिचं डोकं." सगळ्यांच्या देखत. मी उगाच पट्टे बघायला गेले.

१९ एप्रिल, रविवार

दोघी दिवसभर बोलतात. सासूबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

२२ एप्रिल, बुधवार

परत आलो. तिघंच.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "मी राहते इथं. ऑपरेशनपुरती नाही. आता कायमची." मावशींची मुलगी नर्स आहे, ती म्हणाली, दोघींचं मी बघेन. हे तरीही आईची बॅग उचलून गाडीकडे निघाले. तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं त्याला. आता तुझं ऐकतो तो."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं.

खुर्ची तिथेच राहिली. आमच्या तिघांच्या बॅगा डिकीत आरामात मावल्या. पेटी रिकामी आली.