हिरवे आलू

अकोट, माघ वद्य पंचमी, शके १७८६. दिवेलागण.

शेजारच्या सखाराम पाटलाचं सगळं घर कालपासून ओकतंय. सगळे, फक्त नवी सून गंगा सोडून. तिथंच घोटाळा झाला. मी औषध घेऊन गेलो तर सासू पडल्यापडल्या म्हणते, “वैद्यबुवा, हिनंच काईतरी घातलं. नाईतर हिले काहून काई झालं नाई?” पोरीला माहेरी धाडायला दारात बैलगाडी जुंपलेली.

काय खाल्लं ते विचारलं. आलूची भाजी. कापसाला भाव आल्यापासून लोक असं नवंनवं आणतात. घरात आढ्यापर्यंत कापूस कोंबलाय, म्हणून आलूचं टोपलं कित्येक दिवस अंगणात उन्हात पडलेलं. त्यातले उरलेले पाहिले, तर सालीखाली हिरवेगार. एकाचा कच्चाच तुकडा चावला. कडूजहर. घसा अजून चुरचुरतोय. उन्हानंच असे होत असतील का? दुसरं काय असणार?

गंगेला विचारलं, “बाई, तूही हेच खाल्लंस?”

ती खाली बघत म्हणाली, “नाई जी. हिरवे ताजे दिसले, म्हनून ते वेचून या सगळ्यायच्या भाजीत टाकले. माह्यासाठी मागून पिवळे उकडले.”

हिरवं म्हणजे ताजं. मीसुद्धा हिरवेच वेचले असते. सासूला तसंच सांगितलं: दोष हिरव्या आलूंचा, पोरीचा नाही.

सासू कोपरावर टेकून दाराकडे वळली. मग म्हणाली, “बैल सोडा. अन् तिले जेवाले द्या कोनी. सकाळपासून उपाशी हाय ते.”