बाभळीपाशी बंद पडणारी मोटर

७ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! जन्म गेला हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात, आणि आता बोटीची मोटर दुरुस्त करायला आलोय बीड जिल्ह्यात. बायकोला, रूपालीला, हसू आवरेना. तिकडे प्यायला पाणी मिळतं का ते आधी बघा, म्हणाली. पण युसूफ वडगाव या गावाहून जीप धरणाच्या काठाला लागली आणि मी बघतच राहिलो. पलीकडचा काठच दिसत नाही. मासेमारीचे ठेकेदार अमरसिंह स्वतः सामोरे आले. ज्वारीची भाकरी आणि तळलेला मरळ पोट फुटेस्तोवर वाढला. मोटर धड चालवून दाखवली की नोकरी पक्की, राहायला खोलीही. मग रूपाली आणि पोरगी इकडेच. हर्णैला आता आमचं काही उरलेलं नाही.

८ नोव्हेंबर
मोटर टू-स्ट्रोक, जुनी पण दणकट. दुखणं एकच. पाण्यात बुडालेल्या बाभळीचा शेंडा वर दिसतो, तिथे गेली की बंद. पेट्रोलची तक्रार असली की मोटर आधी खोकते, गचके देते. ठिणगी गेली तर एका झटक्यात गप्प. ही झटक्यात गप्प होते. तरी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलमध्ये ऑइल नव्याने मिसळलं. पंख्यातही काही अडकलेलं नाही.

मग क्लिप दिसली. मोटर चालवणाऱ्याच्या मनगटाला या क्लिपची दोरी असते. तो पाण्यात पडला की दोरीने क्लिप निघते आणि मोटर थांबते. जाळं टाकताना दोरी आड येते म्हणून इथल्या शहाण्यांनी ती कापलीय आणि क्लिप जाळ्याच्या सुताने कायमची आवळून ठेवलीय. सूत सैल होतं. मी घट्ट बांधलं. ही वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीत नेतो, मोटर काय करते ते तिथेच टिपता येतं.

१० नोव्हेंबर
बाभळीपाशी पुन्हा गप्प. सूत सुटलेलं. गाठ मी मारलेली, कोळ्याची गाठ, दातांनीही सुटत नाही. क्लिप फळीवर पडलेली, ओलीचिंब. बोटीत मी एकटाच होतो.

११ नोव्हेंबर
म्हातारा मच्छीमार आश्रुबा आज बोलला. आधीचा मोटरवाला बाळू तिथेच पाण्यात पडला. क्लिप बांधलेली, त्यामुळे मोटर थांबली नाही. बोट गोल फिरत राहिली आणि दर फेऱ्याला त्याच्या अंगावरून गेली. काठावर सगळे बघत होते.
“आता त्योच बंद करतोय,” आश्रुबा म्हणाला. “करू द्या की. तुमी कावून बांधायलाव?”
क्लिप बांधून ठेवा, हे मालकांनीच, अमरसिंहांनीच, सांगितलं होतं. बाळू गेल्यावरही. मला भीती वाटते आहे.

१२ नोव्हेंबर
मालकांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, क्लिपखालच्या बटणाच्या ताराच तोडून टाका, मग ती निघाली काय आणि राहिली काय. जमत नसेल तर जीप उभीच आहे.
तेवढ्यात रूपालीचा फोन. पोरगी बॅग भरून बसलीय.
तारा तोडल्या. आश्रुबाकडे बघवेना.

१३ नोव्हेंबर
बाभळीवरून गेलो. मोटर थांबली नाही. मालकांनी पेढे वाटले, खोलीची किल्ली दिली. आश्रुबा पेढा न घेता उठून गेला. रूपाली उद्या निघतेय.
क्लिप मात्र फळीवर. ओली. हे कुणाला सांगितलं नाही—

१४ नोव्हेंबर
बोटीतच. भर दुपार. मोटरचा दांडा वळत नाही. बोट बाभळीभोवती गोल—

टाकीची नळी उपटली. माझ्या हातात आहे, कोरडी. मोटर चालूच.

मालकांना फोन लागला. काठावर उभे आहेत, दिसतात. म्हणाले, “प्याट्रोल संपलं की थांबंल. तवर मोटर कुठं आपटू नका.” फोन ठेवला.

आश्रुबा होडी पाण्यात ओढतोय. मालकांनी वल्हं काढून घेतलं त्याच्या—

मागच्या फळीवर हाताची बोटं. क्लिपला हात लावत नाही तो आता. पाय धरलाय माझा—

रूपाली गाडीत बसली असेल. तिला कुणीतरी सांगा, पोरीला घेऊन तिथूनच मागे—